आईचं ‘घाबरल्यासारखं’ इंग्रजीत कसं सांगू?

ताई, मी इंग्लंडात रेडिंगला अकरा वर्षं राहते. आयटीत आहे, दिवसभर इंग्रजीतच बोलते, मीटिंगा चालवते. आई सांगलीहून पाच महिन्यांसाठी आली आहे, वय ६८. गेले तीन आठवडे तिला चक्कर येते, मधूनच ‘घाबरल्यासारखं होतंय गं’ म्हणते, अशक्तपणा आहे, पित्तही आहे. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे, नेलं. मी सांगितलं, ‘शी फील्स गिडी, स्केअर्ड अँड वीक, अँड शी हॅज बाइल.’ डॉक्टरांनी आईला त्यांची बोटं घट्ट दाबायला लावली, पाय रेटायला लावले, उलटीचा रंग विचारला. मग माझ्याकडे न बघता तिला हळूच विचारलं, घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं ना? तेही भाषांतर मलाच करावं लागलं. आई म्हणाली, ‘म्हणजे काय? लेकीच्या घरी आहे मी.’ दहा मिनिटं संपली. गुडघ्यांचं सांगायचं राहूनच गेलं. बाहेर आल्यावर आईने विचारलं, ‘काय म्हणाले गं डॉक्टर?’ मला फक्त रडू यायचं बाकी होतं. पुढच्या गुरुवारी पुन्हा वेळ मिळाली आहे. दुखण्याखुपण्याच्या आपल्या शब्दांना नेमके इंग्रजी शब्द कुठले, त्याची एक यादी द्याल का?

— एक वाचक, रेडिंग

उत्तर:

‘लेकीच्या घरी आहे मी’ हे आईचं वाक्य तुम्ही डॉक्टरांना इंग्रजीत करून सांगितलंत की नाही, ते पत्रात नाही. सांगितलं नसेल तर गुरुवारी सांगा. त्या दिवशी खोलीत बोललं गेलेलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं.

बाकी डॉक्टरांचं काही चुकलं नाही. तुम्ही ‘स्केअर्ड’ म्हणालात, त्यांनी भीती कशाची ते शोधलं. ‘वीक’ म्हणालात, त्यांनी हातापायांतली ताकद पाहिली. ‘बाइल’ म्हणालात, त्यांनी उलटीचा रंग विचारला. प्रत्येक शब्दाला त्यांनी मान दिला. आईला जे होत होतं ते मात्र तिथे कुणी इंग्रजीत उच्चारलंच नाही.

आता यादीचं. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी अशी एक वही मीही केली होती, दवाखान्यांत दुभाष्याचं काम सुरू केलं तेव्हा. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिसऱ्या महिन्यात ती बाजूला पडली, आणि पाडली ती तुमच्याच पत्रातल्या एका शब्दाने: पित्त.

आपल्याकडे पित्त ‘होतं’, पित्त ‘उठतं’ आणि पित्त ‘पडतं’. क्रियापद बदललं की दुखणंच बदलतं. पित्त झालं म्हणजे छातीत-घशात जळजळ, करपट ढेकरा, तोंडाला आंबट पाणी. हे इंग्रजीत ‘हार्टबर्न’ किंवा ‘ॲसिड रिफ्लक्स’, साध्या बोलण्यात ‘इनडायजेशन’. (‘हार्टबर्न’मधल्या ‘हार्ट’ला घाबरू नका, जळते ती अन्ननलिका.) अंगावर पित्त उठलं म्हणजे गांध्या, लाल चट्टे, जिवाला नको करणारी खाज. ते ‘हाइव्ह्ज’, डॉक्टरांच्या तोंडी ‘अर्टिकेरिया’, आणि इंग्लंडात ‘नेटल रॅश’सुद्धा, कारण तिथल्या नेटल नावाच्या खाजऱ्या झुडपाला हात लागला की कातडीवर अशाच गांध्या उठतात. आणि उपाशीपोटी हिरवट-पिवळं कडू पाणी उलटून पडलं की आपण म्हणतो, पित्त पडलं. इथे, आणि या तिघांत फक्त इथेच, ‘बाइल’.

म्हणजे कोशातला शब्द तुम्ही बरोबरच काढलात, पण तिसऱ्या पित्ताचा. आईचं पित्त पहिलं असावं असं मी धरून चालले आहे, तुम्ही विचारून घ्या. माझ्या वहीत डाव्या रकान्यात नुसतं ‘पित्त’ लिहून भागेना, ‘जेवल्यावर आडवं झालं की घशाशी आंबट येतं’ असं अख्खं वाक्य लिहावं लागे. आणि वाक्य लिहून झालं की उजवा रकाना बहुतेक वेळा आपोआप भरे. तुम्हाला इंग्रजी कमी पडलेलं नाही. तुम्ही मराठीतून फार लवकर निघालात.

आता घाबरल्यासारखं. या शब्दातला सगळा जीव ‘सारखं’मध्ये आहे. आई घाबरलेली नाही. घाबरल्यावर अंगाचं जे होतं ते काही कारण नसताना होतंय, असं ती सांगते आहे. तुम्ही ‘सारखं’ गाळलंत आणि शरीराची तक्रार मनाच्या खात्यात गेली. मग डॉक्टर घरच्या वातावरणाबद्दल विचारणारच. तो त्यांच्या कामाचाच भाग आहे, तुमच्यावरचा आरोप नव्हता. पण त्या क्षणी तो आरोपासारखा लागला असणार, हे समजू शकते. (बघा, इथेही ‘सारखा’.)

जीव घाबरा होणं याला इंग्रजीत एक शब्द नाही. शोधू नका. त्याचे तुकडे मात्र इंग्रजीत चांगले मिळतात. संध्याकाळी निवांत आईजवळ बसा आणि विचारा: घाबरल्यासारखं होतं तेव्हा छातीत धडधडतं का? मग ‘हर हार्ट रेसेस’ किंवा ‘पाउंड्स’. श्वास पुरत नाही का? ‘शॉर्ट ऑफ ब्रेथ’. हातपाय थरथरतात? ‘शेकी’. गार घाम सुटून अंग चिकट लागतं? याला इंग्रजीत एक फार कामाचा शब्द आहे, ‘क्लॅमी’. आपल्याला त्याच्यासाठी तीन-चार शब्द खर्चावे लागतात, त्यांचं एकात भागतं. नुसतंच कसनुसं होतं, चैन पडत नाही? ‘शी फील्स अनवेल, रेस्टलेस’. यातलं काय काय होतं, कितीदा, किती वेळ, आणि त्या वेळी ती काय करत होती, एवढं सांगितलंत की ‘घाबरल्यासारखं’ पूर्ण पोचलं. मूळ शब्द न सांगताच पोचलं.

एक गोष्ट गुरुवारपर्यंतही थांबवू नका. घाबरल्यासारखं होताना छातीवर दडपण आलं, गार घाम फुटला, दम लागला किंवा जबड्यात, हातात, पाठीत दुखू लागलं, तर शब्द जुळवत बसायचं नाही, ९९९ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा. हार्ट अटॅकच्या वेळी काही जणांना ‘आता काहीतरी वाईट होणार’ असं आतून वाटतं. डॉक्टरांच्या पुस्तकांत त्याला ‘सेन्स ऑफ इम्पेन्डिंग डूम’ असं रीतसर नाव आहे. म्हणजे आपल्या आज्या ‘जीव घाबरा झाला’ म्हणायच्या, त्याला तिकडेही लक्षण म्हणून जागा आहे. नुसती भीती म्हणून सांगितलं की ती जागा जाते.

माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या दिवसांत कोल्हापूरकडच्या एका आजोबांसाठी मी दुभाषी म्हणून बसले होते. आजोबा म्हणाले, ‘छाती भरून आल्यागत झालीया.’ मी म्हटलं, ‘हिज चेस्ट फील्स फुल.’ डॉक्टरीण बाईंनी स्टेथोस्कोप लावला, खोकायला सांगितलं, कफ किती दिवस आहे विचारलं. आपल्याकडेही छाती भरते ती कफानेच, त्यामुळे मलाही त्यात वावगं वाटलं नाही. आजोबा खोकून दाखवत होते, कारण डॉक्टरनी सांगितलं होतं. मग ते माझ्याकडे वळून जरा वैतागून म्हणाले, ‘खोकला न्हाई हो बाई. धोंडा ठेवल्यागत वाटतंय.’ मी जसंच्या तसं सांगितलं, छातीवर दगड ठेवल्यासारखं. बाईंच्या हातातला स्टेथोस्कोप थांबला आणि दोन मिनिटांत ईसीजीचं यंत्र खोलीत आलं. ‘प्रेशर’, ‘टाइटनेस’, ‘हेवीनेस’ हे सगळे शब्द मला येत होते. पण काम केलं ते आजोबांच्या धोंड्याने.

तेव्हापासून मी उपमा कधी गाळत नाही. माणूस ‘सारखं’, ‘गत’, ‘जणू’ म्हणाला की पुढचं जसंच्या तसं द्यायचं. उपमा डॉक्टरला कुठल्याही भाषेत कळते.

यापेक्षा फसवे आहेत ते आपले इंग्रजी शब्द. बीपी, शुगर, गॅस, वीकनेस, लूज मोशन. दिसायला इंग्रजी, पण इतकी वर्षं आपल्या घरात राहून त्यांचा अर्थ पार मराठी झालेला. आपण ‘त्यांना बीपी आहे’ म्हणतो. इंग्लंडातल्या नर्सला वाटतं, हो, बीपी तर सगळ्यांनाच असतं, यांच्या बीपीचं काय? तिथे ‘हाय ब्लड प्रेशर’ असं पूर्ण म्हणा. शुगर म्हणजे ‘डायबिटीस’. पोटातल्या गॅसला ते ‘विंड’ म्हणतात, पोट फुगलं तर ‘ब्लोटेड’. लूज मोशन ऐकून काही जण नुसतेच बघत राहतात, ‘डायरिया’ म्हणा. आणि छातीतल्या दुखण्याला स्वतःहून ‘गॅस’ हे नाव तर कधीच देऊ नका, ना इंग्रजीत ना मराठीत. कुठे आणि कसं दुखतं ते सांगा, गॅस आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

‘सिक’चं आणखी वेगळंच. अमेरिकेत ‘आय वॉज सिक’ म्हणजे मी आजारी होतो. तुमच्याकडे इंग्लंडात ‘शी वॉज सिक’ म्हटलं की समोरचा समजतो, तिला उलटी झाली. ‘शी फील्स सिक’ म्हणजे मळमळतंय. अकरा वर्षांत हे तुमच्या कानावरून गेलं असेलच, पण डॉक्टरांसमोर घाईत माणूस आपल्या शाळेतल्या इंग्रजीवर जातो. तुमच्या ‘वीक’चंही तेच झालं.

अशक्तपणा हा आपला फार सोयीचा शब्द. ताप उतरल्यावर अशक्तपणा, उपासाने अशक्तपणा, काम उरकत नाही म्हणून अशक्तपणा. आपल्याकडे लोक ‘वीकनेस आहे, ताकदीचं काहीतरी द्या’ म्हणून टॉनिक लिहून घेतात आणि डॉक्टरही देतात. तुमच्या जीपीच्या कानाला मात्र ‘वीकनेस’ म्हणजे स्नायूंतली ताकद कमी होणं: वस्तू हातातून सुटते का, एक बाजू लुळी पडते का, जिना चढताना पाय उचलतो का. तीन आठवडे चक्कर आणि सोबत ‘वीक’ असं ऐकल्यावर त्यांनी बोटं दाबायला लावली, ती मेंदूशी संबंधित काही नाही ना हे पाहायला. आईला खरंच ताकद कमी वाटत असेल तर ‘वीक’ हाच शब्द ठेवा आणि कुठल्या हातात, कुठल्या पायात तेही सांगा. पण थकवा असेल तर ‘टायर्ड ऑल द टाइम’, अंगात त्राणच नसेल तर ‘नो एनर्जी’, थोडं केलं की गळून जात असेल तर ‘शी गेट्स एग्झॉस्टेड’. यात जड शब्द एकही नाही. डॉक्टरांसमोर जड शब्द लागतही नाहीत. उलट ‘फटीग’, ‘मॅलेझ’ असले शब्द घरून पाठ करून गेलात तर त्यांना वाटायचं, यांनी इंटरनेटवर बघून आधीच निदान करून आणलंय.

आणि आता चक्कर. मला वाटतं गुरुवारचा तुमचा खरा विषय हाच आहे, म्हणून यावर जरा रेंगाळते.

मराठीत यासाठी शब्दांना तोटा नाही. चक्कर, भोवळ, घेरी, झीट, गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, झोक जाणं, डोकं हलकं होणं. आपण हे सगळे एकाच पिशवीत टाकतो आणि वर लिहितो ‘चक्कर’. इंग्रजीत त्या पिशवीचं नाव ‘डिझी’. (तुमचा ‘गिडी’ चूक नाही, पण त्यात आनंदाने हुरळल्याचीही छटा आहे. ‘डिझी’ जास्त सरळ.) पण डॉक्टरांना पिशवी नको असते, आतलं हवं असतं. १९७२ मध्ये ड्रॅकमन आणि हार्ट या दोन अमेरिकी डॉक्टरांनी चक्कर घेऊन आलेल्या रुग्णांच्या सांगण्यावरून चक्करचे चार प्रकार पाडले. सगळं गरगर फिरणं, शुद्ध हरपेल असं वाटणं, उभं राहता-चालताना तोल जाणं, आणि यातल्या कशातच न बसणारं डोकं हलकं होणं. पुढे डॉक्टरांच्या पिढ्या ही वाटणी शिकल्या.

तुम्हाला सोपं जावं म्हणून आपल्या शब्दांवर ती बसवून देते. खोली फिरते, पलंग फिरतो, डोळे मिटले तरी फिरतं, हे गरगरणं म्हणजे ‘स्पिनिंग’, याचंच डॉक्टरी नाव ‘व्हर्टिगो’. (उंचीच्या भीतीलाही लोक व्हर्टिगो म्हणतात, म्हणून नुसता तो शब्द टाकू नका, ‘द रूम स्पिन्स’ म्हणा.) भोवळ येईल, आता पडेन असं वाटतं ते ‘फेंट’ किंवा ‘लाइट-हेडेड’. चालताना झोक जातो, भिंत धरावी लागते ते ‘अनस्टेडी’. आणि अंधारीबाबत सावध राहा. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून ‘ब्लॅकआउट’ म्हणालात तर तिकडे अर्थ होईल शुद्ध गेली. मग त्याच्या तपासण्या निराळ्या, प्रश्न निराळे. शुद्ध गेली नसेल तर ‘हर व्हिजन गोज डार्क फॉर अ फ्यू सेकंड्स, बट शी डझन्ट पास आउट’ असं दोन्ही बाजूंनी सांगा. काय होत नाही हे सांगणं हाही नेमका शब्द शोधण्याचाच भाग आहे, आणि घाईत नेमकं तेच राहतं.

गंमत अशी, की ही वाटणी इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही नीट करता येत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत इमर्जन्सी विभागांत आलेल्या चक्करच्या रुग्णांना प्रकार निवडायला सांगितला आणि काही मिनिटांनी तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारला, तर निम्म्याच्या आसपास लोकांनी उत्तर बदललं. म्हणजे आईला ‘नक्की गरगरतं की भोवळ?’ असं चारदा विचारून ती चारदा वेगळं म्हणाली, तर तिच्यावर किंवा स्वतःवर चिडू नका. त्या अभ्यासात आणखी एक दिसलं: चक्कर कशी वाटते यात गोंधळणारी माणसं, ती कधी येते, किती वेळ टिकते आणि कशाने येते हे बरंच ठाम सांगतात. त्यामुळे आता बरेच डॉक्टर आधी हेच विचारतात.

म्हणून आईला शब्द विचारू नका, प्रसंग विचारा. पहिल्यांदा कधी आली, काय करत होतीस? समजा ती म्हणाली, ‘पहाटे कूस बदलली तर छत फिरायला लागलं, आणि परवा वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला मान वर केली तेव्हाही.’ मग तुमचं वाक्य तयार आहे: ‘व्हेन शी टर्न्स ओव्हर इन बेड ऑर लुक्स अप, द रूम स्पिन्स. इट लास्ट्स हाफ अ मिनिट.’ कूस बदलताना येणारी चक्कर डॉक्टरांचं लक्ष कानाच्या आतल्या भागाकडे नेते, उठून उभं राहताना येणारी रक्तदाबाकडे. मी डॉक्टर नाही, निदान माझं काम नाही. पण पोह्यांचा डबा ‘डिझी’पेक्षा किती जास्त सांगतो ते बघा. तो डबा सांगायला लाजू नका.

शब्द शोधायचाच असेल तर कुठे शोधावा, तेही थोडक्यात. मराठी-इंग्रजी कोश पहिली पायरी म्हणून ठीक, पण मिळालेला शब्द लगेच उलटा तपासायचा, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात. तिथे अर्थ साध्या वाक्यात असतो आणि खाली दोन उदाहरणं. ‘स्केअर्ड’ असं तपासलं असतंत तर तिथल्या तिथे कळलं असतं की आई अशी नाही. एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, तिच्या संकेतस्थळावर लक्षणांची पानं आहेत, ती मुद्दाम सोप्या इंग्रजीत लिहिलेली. रुग्ण जे शब्द वापरतात तेच तिथे सापडतात. आणि अर्थ हातात आहे पण शब्द नाही, अशा वेळी थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र लावलेला कोश. तो पहिल्यांदा १८५२ मध्ये काढणारा पीटर रॉजे हा पेशाने डॉक्टरच होता, हे मला फार आवडतं. फक्त थिसॉरसमधले शेजारी-शेजारी शब्द म्हणजे सख्खी भावंडं नव्हेत. तिथून शब्द उचलला की पुन्हा कोशात तपासायचा.

गुडघे राहिले. ‘दुखतंय’ला ‘पेन’ म्हटलं की झालं असं आपल्याला वाटतं. पण मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजायची जी प्रश्नावली काढली, तिच्यात वेदनेचे ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. ते वाचताना मला सारखं आपलं घर आठवत होतं. ‘थ्रॉबिंग’ म्हणजे आपला ठणका, गळवाची ठसठसही त्यातच. ‘शूटिंग’ म्हणजे कंबरेतून पायात निघालेली कळ. ‘स्टिंगिंग’ म्हणजे खरचटल्यावर साबण लागून झोंबतं ते. ‘सोअर’ म्हणजे पहिल्या दिवशी व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी अंग आंबतं ते, आणि ‘टेंडर’ म्हणजे हात लावला तरच दुखतं. आईचे गुडघे बहुधा ‘एक’ (ache) करतात, म्हणजे सतत, मंद, आतल्या आत. त्याला ‘डल एक’ म्हणतात. सकाळी उठल्यावर आखडलेले असतात का? तर ‘स्टिफ’, आणि किती वेळाने मोकळे होतात ते मिनिटांत सांगा. एवढं सोबत गेलं की गुडघे एका वाक्यात उरकतात. आणि आपल्या सवयीचं ‘हर लेग इज पेनिंग’ तिथे कानाला खटकतं. ‘हर नीज हर्ट’ म्हणायचं, एक शब्द कमीच लागतो. हाताला मुंग्या येतात असंही ती म्हणत असेल तर मुंग्यांना तिथे ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणतात, टाचण्या आणि सुया. मुंग्यांचा शब्द त्यांच्याकडेही आहे, ‘फॉर्मिकेशन’, लॅटिनमधल्या मुंगीवरून आलेला. पण तो कातडीवर खरोखर काही चालल्याचा भास होतो त्याला. तुम्ही टाचण्या-सुयांवरच राहा.

दोन गोष्टी गुरुवारच्या आधी करून ठेवा. दवाखान्यात फोन करून मराठी दुभाषी मागा. एनएचएसमध्ये त्याचे पैसे पडत नाहीत, बहुतेक वेळा फोनवरूनच जोडून देतात, पण वेळ ठरवतानाच सांगावं लागतं. तुमचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून नाही. लेकीसमोर आई काही गोष्टी बोलत नाही, आणि लेक आईचं बोलणं नकळत नीटनेटकं करते. ‘सारखं’ गळतं ते असंच. दुभाषी आला की तुम्ही नुसतं मुलगी म्हणून शेजारी बसाल, आणि विचारलंच तर पोह्यांचा डबा सांगाल.

दुसरी गोष्ट कागदाची. आदल्या रात्री आईच्या तोंडून जे येईल ते मराठीत, तिच्याच शब्दांत लिहून घ्या. इंग्रजी त्याखाली, जिथे सुचेल तिथेच. जिथे सुचणार नाही तिथे मराठी तसंच ठेवा, तिथे खोलीत बोलता बोलता वाट निघते.

शेवटी डॉक्टर एक आकडा विचारतील. गुडघे किती दुखतात, शून्य ते दहा? आणि आई म्हणेल, ‘जाऊ दे गं, आहे थोडं.’ आपल्या आया आकडा सांगत नाहीत, आणि ‘थोडं’ला तुम्ही ‘अ बिट’ म्हणालात तर ती गोळी घेऊन घरी येणार. तिला असं विचारून बघा: माझ्या वेळच्या बाळंतपणाच्या कळा दहा धरल्या, तर जिना उतरताना हे किती? हसेल, मग खरं सांगेल. तो आकडा डॉक्टरांना द्या, आणि दहा कशाला धरलेत तेही सांगा.